खोडाकडे नव्हे, काडीकडे पाहा: कोकण किनाऱ्यावर बुटका सुतार कसा शोधावा

कोकणातल्या नारळी-पोफळीच्या वाडीत पहिल्यांदा पक्षी पाहायला जाणाऱ्या माणसाला सोनपाठी सुतार हमखास दिसतो आणि बुटका सुतार हमखास निसटतो. सोनपाठी मोठा, भडक रंगांचा आणि खिंकाळल्यासारखा ओरडत उडणारा असल्यामुळे तो लपूच शकत नाही. बुटका सुतार मात्र त्याच वाडीत, बहुधा डोक्यापासून चार-पाच मीटरांवरच, एखाद्या वाळक्या काडीला उलटा लटकून आपले काम करत असतो आणि खाली उभ्या असलेल्या माणसाची नजर नारळाच्या खोडावर खिळलेली असते. नवख्यांकडून होणाऱ्या बहुतेक चुका या एका सवयीतून होतात. सुतारपक्षी म्हणजे जाड खोडावर चढणारा पक्षी, अशी आपली समजूत असते आणि या पक्ष्याने ती पाळायची नाही असे जणू ठरवूनच टाकलेले असते. म्हणून या लेखातल्या सगळ्या सूचना शेवटी एकाच गोष्टीकडे येतात, ती म्हणजे खोड सोडून बोटाएवढ्या जाडीच्या फांद्यांकडे पाहायला शिकणे.

पक्षी नेमका कसा असतो

शास्त्रीय नाव युंगिपिकस नानस. त्यातल्या ‘नानस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच बुटका असा आहे. १८३२ साली व्हिगर्स या आयरिश अभ्यासकाने त्याचे पहिले वर्णन केले. भारत, नेपाळचा सखल भाग, बांगलादेश आणि श्रीलंका एवढ्या प्रदेशात तो आढळतो. लांबी सुमारे १३ सेंटिमीटर आणि वजन साधारण १३ ते १७ ग्रॅम, म्हणजे तो आपल्या घरातल्या चिमणीपेक्षाही लहान भरतो. हे माप घराबाहेर पडण्यापूर्वी मनात नीट ठसवून घ्यावे. दुर्बिणीतून पाहताना मनात मोठ्या सुताराचे चित्र असेल, तर समोर आलेला पक्षी ‘एखादा वटवट्या असेल’ म्हणून सोडून दिला जातो.

पाठ आणि पंख तपकिरी असून त्यांवर पांढरे आडवे पट्टे असतात. डोक्याची टोपी साधी तपकिरी असते. डोळ्यावरून मागे जाणारी रुंद पांढरी भुवई आणि तिच्या खाली डोळ्यामागून मानेकडे जाणारा मळकट तपकिरी पट्टा या दोन गोष्टी दुरूनही दिसतात. पोटाकडचा भाग मळकट पांढरा आणि त्यावर पुसट उभ्या रेघा असतात. डोळा मात्र विशेष आहे. बुबुळाभोवतीचा भाग फिकट, जवळजवळ पांढुरका असतो आणि डोळ्याच्या कडेला गुलाबीसर कातडी दिसते, त्यामुळे पक्ष्याचा चेहरा सतत दचकल्यासारखा वाटतो. नराच्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे एकेक बारीक लाल रेघ असते आणि मादीला ती नसते. ही रेघ इतकी लहान आहे की पक्ष्याने मान वळवल्याशिवाय आणि ऊन योग्य कोनातून पडल्याशिवाय ती दिसत नाही. तेव्हा लाल दिसले नाही म्हणून लगेच ‘मादी’ अशी नोंद करू नये, ‘लाल रेघ दिसली नाही’ एवढेच लिहावे.

शरीराची ठेवण इतर सुतारांसारखीच असते. पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे, शेपटीची मधली पिसे ताठ. या ताठ पिसांवर पक्षी टेकून बसतो, म्हणून पिसे गळण्याच्या काळात सुतारपक्षी शेपटीची इतर पिसे आधी बदलतात आणि टेकूची मधली जोडी सगळ्यांत शेवटी टाकतात. बुटका सुतार काडीच्या खालच्या बाजूला गेला की हा टेकू कसा वापरतो ते पाहण्यासारखे असते.

किनाऱ्याचे पट्टे ओळखा

समुद्रापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत गेलो तर कोकणात झाडोऱ्याचे काही ठरावीक पट्टे लागतात आणि प्रत्येक पट्ट्यात या पक्ष्याची शक्यता वेगळी असते.

वाळूला लागून मर्यादवेल आणि केवडा, त्यामागे बऱ्याच ठिकाणी लावलेले सुरूचे बन. सुरूच्या दाट, एकसारख्या लागवडीत फार वेळ घालवू नये. ज्या बनाच्या मागच्या कडेला उंडी, करंज, भेंड, पांगारा अशी मिश्र झाडे शिल्लक राहिली आहेत, तिथली कड मात्र सावकाश पाहावी.

त्यामागची वाडी हा खरा गाभा होय. परंतु सगळ्या वाड्या सारख्या नसतात. नुसत्या नारळांची, खालून झाडून पुसून स्वच्छ ठेवलेली बाग दिसायला देखणी असली तरी या पक्ष्याला तिथे फारसे काम नसते, कारण नारळ आणि पोफळ या झाडांना फांद्याच नाहीत. ज्या वाडीच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, शेवगा, पांगारा, भेंड वाढलेले आहेत, विहिरीजवळ उंबर आहे, कोपऱ्यात एखादा म्हातारा रायवळ आंबा किंवा फणस उभा आहे आणि ज्या वाडीच्या मालकाला सुकलेल्या फांद्या तोडण्याचा कंटाळा आहे, ती वाडी निवडावी. सुतारपक्ष्यांच्या बाबतीत आळशी बागाइतदार फार उपयोगी असतो, हे मी थट्टेने म्हणत नाही.

हापूसच्या कलमांच्या बागांबद्दल माझा अनुभव तितका चांगला नाही. मोहोर येण्याच्या आणि फळ धरण्याच्या दिवसांत तिथे कीटकनाशकांच्या फवारण्या होतात, फांद्यांची छाटणीही नियमित असते. बुटका सुतार मुंग्या, लहान भुंगेरे, अळ्या असे बारीक कीटक खातो, अधूनमधून फळे आणि फुलांतला मधही घेतो. जिथे कीटकच नकोत अशा बागेत तो क्वचित भेटला तर नवल नाही. सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराच्या, उतारावरची जुनी, अर्धवट रानात मिसळलेली काजूची झाडे त्या मानाने बरी.

शेवटचा पट्टा खाडीचा. कांदळवनात तिवर, कांदळ, चिप्पी ही झाडे खाऱ्या चिखलात उभी असतात. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला आहे, त्यामुळे हे नाव आता कोकणाबाहेरही ऐकू येते. बुटक्या सुताराच्या मागे लागून चिखलात आत शिरण्याची मात्र गरज नाही. खाजणाचा, म्हणजे भरतीचे पाणी येणाऱ्या खाऱ्या जमिनीचा, बांध जिथे तिवरांना सोडून गावाकडे वळतो आणि एका हाताला तिवर, दुसऱ्या हाताला भेंड-करंज-आंबा अशी रांग लागते, ती सीमारेषा महत्त्वाची आहे. याच पक्ष्याचा जवळचा भाऊबंद, मलाया ते जावा-बोर्निओ या भागात राहणारा सुंदा बुटका सुतार, खाऱ्या किनाऱ्यावरच्या कांदळवनात मुक्काम करतो आणि सिंगापूरसारख्या शहरातल्या उद्यानांतही सहज दिसतो. पूर्वी काही अभ्यासक या दोघांना एकच जात मानत असत. आपल्याकडचा पक्षी कांदळवनाशी तितका बांधलेला नाही, पण कडेच्या झाडीत तो येत-जात असतो.

पहिल्या फेरीसाठी कुठे जावे, असे कोणी विचारले तर मी जुन्या मिश्र वाड्या टिकलेले किनाऱ्यालगतचे कोणतेही गाव सांगेन. आंजर्ले, गुहागर, आचरा, वेंगुर्ले या बाजूला अशा वाड्या आजही आहेत. वाडीत शिरण्याचा संकोच वाटत असेल तर मुरूडजवळचे फणसाड अभयारण्य चांगले. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान असलेला हा भाग १९८६ मध्ये अभयारण्य झाला आणि समुद्रापासून तो अगदी जवळ आहे. मुंबईकडून येणाऱ्यांना पनवेलजवळचे कर्नाळा सोयीचे पडते, मात्र तिथे किनारा नाही, डोंगरातले जंगल आहे.

ऋतू, वेळ आणि भरतीचा हिशेब

डिसेंबर ते एप्रिल हा काळ निवडावा. त्यातही जानेवारीनंतर पांगारा, सावर, शिवण ही झाडे पाने टाकून उघडी झालेली असतात. पांगारा आणि सावर फुलांवर येतात, फुलांवर कीटक येतात आणि फांदीन् फांदी दिसू लागते. पावसाळ्यात झाडोरा इतका दाटतो की पक्षी असूनही सापडत नाही, शिवाय पावसाच्या आवाजात त्याची बारीक टकटक बुडून जाते.

सकाळी उजाडल्यापासून पुढचे अडीच-तीन तास उत्तम. किनाऱ्यावर एक गोष्ट वेगळी असते. ऊन चढले की समुद्रावरून वारा सुटतो, झावळ्या सळसळू लागतात आणि कानाने शोधण्याचा मार्ग बंद होतो. त्यामुळे साडेनऊनंतरचा वेळ मी न्याहारीला देतो.

खाजणाच्या बांधावर जायचे असेल तर भरतीची वेळ आधी पाहून ठेवावी. उधाणाच्या दिवसांत पाणी बांधाच्या कडेला लागते आणि वाट निसरडी होते. छापील कोष्टक हाताशी नसेल तर किनाऱ्यावरचे लोक वापरतात तो हिशेब उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीच्या तासाचा अंदाज येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. या हिशेबाने तृतीया ते पंचमी या तिथींना पहाटे भरती होऊन सकाळी आठ ते दहाच्या सुमारास पाणी पूर्ण उतरलेले असते आणि बांधावरून निवांत चालता येते. पक्ष्याला भरती-ओहोटीशी काही देणेघेणे नाही, ही सगळी काळजी आपल्या पायांसाठी.

सोबत काय घ्यावे, हे थोडक्यात सांगतो. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण दहा पटीच्या दुर्बिणीपेक्षा बरी, कारण हात कमी हलतो आणि दृष्टिक्षेत्र रुंद मिळते. सारखा जागा बदलणारा लहान पक्षी शोधताना ते रुंद क्षेत्रच कामाला येते. वही आणि पेन्सिल घ्यावी. पायात घोट्यापर्यंतचे बूट हवेत, कारण सड्यावरच्या जांभ्या दगडांत आणि वाळक्या पाल्यात फुरसे असते आणि ते दिसेपर्यंत आपण त्याच्या अगदी जवळ पोचलेले असतो. आणि नारळाच्या झाडाखाली मान वर करून उभे राहू नये. पिकलेला नारळ किंवा सुकलेली झावळी कधी खाली येईल याला वेळकाळ नसतो.

आधी कान, मग डोळे

वाडीत शिरल्यावर पहिली दहा मिनिटे काहीही शोधू नये. एका जागी, शक्यतो पांगाऱ्याच्या किंवा शेवग्याच्या नजरेच्या टप्प्यात बसावे आणि ऐकावे.

बुटक्या सुताराची हाक म्हणजे एक बारीक, वेगाने थरथरत जाणारी ‘क्लिक्-र्-र्-र्-र्’ अशी लकेर असते. एखाद्या लहान खेळण्याची चावी पटकन सुटावी तशी ती सुरू होते आणि संपते. ती एकदा ऐकली की दिशा लक्षात ठेवावी आणि तिकडे धावू नये. दुसरा आवाज चोच मारण्याचा. मोठ्या सुताराच्या ठोक्यात जी भरीव ‘ठक्’ असते ती इथे नसते. नखाने पत्र्याच्या डब्यावर हलकेच टिचकी मारावी तसा ‘टिक्, टिक्-टिक्’ असा कोरडा आवाज येतो, मध्ये थांबतो, पुन्हा येतो. फांदीवर भराभर ठोके देऊन नगारा वाजवण्याची सुतारांची पद्धत यालाही आहे, पण तो नगारा इतका मंद असतो की जवळून गेल्याशिवाय ऐकू येत नाही.

ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्षी बोलावण्याचा मोह नवख्यांना फार होतो, कारण हल्ली ती फोनमध्येच असते. ऐकून ओळखायला शिकण्यासाठी ती घरी जरूर ऐकावी. बाहेर, विशेषतः फेब्रुवारी ते एप्रिल या विणीच्या काळात, ती वाजवू नये. आपल्या हद्दीत दुसरा पक्षी घुसला असे समजून जोडीतला पक्षी घरट्याचे काम सोडून आवाजाचा माग काढत फिरतो आणि त्याचा तो वेळ वाया जातो.

तिसरी खूण म्हणजे सोबत. हा पक्षी पुष्कळदा एकटा नसतो. निखार, सुभग, वल्गुली, मखमली शिलींध्री, एखादा कोतवाल असे लहान-मोठे पक्षी मिळून झाडाझाडांवरून कीटक टिपत निघतात, त्या जथ्यात तो मागेपुढे असतो. एकाएकी वाडी जिवंत झाल्यासारखी वाटली आणि चहूकडून किलबिल सुरू झाली, तर सगळ्यांत चमकदार पक्ष्याच्या मागे दुर्बीण फिरवण्याऐवजी मधल्या उंचीवरच्या वाळक्या फांद्या एकेक करून तपासाव्यात. निखार पुढे गेलेला असतो, सुतार अजून मागच्याच झाडावर असतो.

फांदी कशी वाचावी

आता नजर कुठे ठेवायची ते पाहू. झाड निवडल्यावर ते खोडापासून वर असे पाहू नये. शेंड्याकडून आत असे पाहावे. आधी पालवी नसलेल्या, राखाडी झालेल्या फांद्या वेगळ्या काढाव्यात. त्यांतही अंगठ्यापेक्षा बारीक त्या आधी. मग प्रत्येक फांदीची खालची बाजू पाहावी. बुटका सुतार वरच्या बाजूइतकाच खालच्या बाजूला वावरतो आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्याचा आकार फांदीवरच्या गाठीसारखा दिसतो. ती गाठ सरकली की काम झाले.

गेल्या फेब्रुवारीत एका वाडीच्या गडग्यावरच्या शेवग्यात मी एका पक्ष्याला बराच वेळ पाहत होतो. फांदी वाळलेली, जाडी माझ्या करंगळीएवढी. पक्षी टोकाकडून सुरुवात करून मागे मागे सरकत होता. दर वीतभर अंतरावर थांबून तो एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून चोच टेकवी, जणू आतून पोकळ आहे का ते ऐकत असावा. एका जागी त्याने सहा-सात ठोके एकापाठोपाठ दिले, सालीचा नखाएवढा तुकडा गरगरत खाली आला आणि त्याने जीभ आत घालून काहीतरी ओढले. ते काय होते ते दुर्बिणीतूनही दिसले नाही. नंतर मी त्या फांदीखाली गेलो तेव्हा वाळक्या पाल्यावर सालीचे असे पाच-सहा ताजे तुकडे पडलेले होते, आतल्या बाजूने फिकट, बाहेरून करडे. झाडाखालचे हे ताजे तुकडे ही उत्तम खूण आहे. ते दिसले तर त्या झाडाजवळ दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.

फांदीवर पिठासारखा बारीक भुसा बाहेर येत असेल तर आत भुंगेऱ्यांच्या अळ्या आहेत असे समजावे आणि ते झाड यादीत घ्यावे. पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचे झाड असेल तर आपण त्याला टेकू नये, एवढीच सूचना पुरे. ज्यांनी एकदा ती चूक केली आहे त्यांना तीही लागत नाही.

कोणाशी गफलत होते

सोनपाठी सुताराशी होण्याचा प्रश्नच नाही, तो दुपटीहून लांब आहे. खरी गफलत मराठा सुताराशी होते, ज्याला पिवळ्या टोपीचा सुतार असेही म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावात ‘माहरात्तेन्सिस’ हा शब्द आपल्याच मुलखावरून आला आहे आणि तो १८०१ पासून चालत आलेला आहे. या नावाचा आपल्याला अभिमान वाटावा हे साहजिक असले तरी किनाऱ्यावर तो त्या मानाने कमी आहे. त्याला कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश अधिक मानवतो. त्याची लांबी १७-१८ सेंटिमीटर, कपाळ व टोपी पिवळसर, पोटाच्या मागच्या भागावर लाल डाग आणि छातीवरच्या रेघा ठळक असतात. टोपी साधी तपकिरी आणि पोटावर लाल नाही, तर तो बुटका.

हृदयांकित सुतारही लहान, सुमारे १६ सेंटिमीटरचा. मात्र काळा-पांढरा रंग, डोक्यावर टोकदार शेंडी आणि पंखांवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके यामुळे तो चुकत नाही. दमट, दाट झाडीच्या देवराया त्याला आवडतात. तांबूस सुतार मोठा, २५ सेंटिमीटरचा, अंगभर विटकरी. त्याचा उल्लेख केवळ गफलतीसाठी करत नाही. हा पक्षी झाडावरच्या विशिष्ट मुंग्यांच्या, कागदी लगद्यासारख्या वारुळातच बीळ करून अंडी घालतो, मुंग्या आत नांदत असताना. वाडीतल्या आंब्यावर असे फुटबॉलएवढे काळपट वारूळ दिसले आणि त्याला भोक असेल, तर बुटक्याचा शोध थोडा वेळ बाजूला ठेवायला हरकत नाही.

सुतार नसलेले दोघे अधिक घोटाळा करतात. मखमली शिलींध्री निळी आणि लाल चोचीची आहे, पण सावलीत रंग दिसत नाहीत आणि तीही फांदीला चिकटूनच फिरते. फरक चालीत आहे. शिलींध्री डोके खाली करून सरळ उतरत येते, तर सुतार खाली यायचा झाला तरी डोके वर ठेवून मागे मागे घसरतो. दुसरा तांबट. वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल, सुबक भोक दिसले की नवखा माणूस ते सुताराचे म्हणून वहीत लिहून मोकळा होतो. पांगारा, शेवगा, उंबर यांच्या फांद्यांत तांबटही तशीच बिळे कोरतो. दार साधारण ५ सेंटिमीटर रुंद वाटले तर ते तांबटाचे असण्याची शक्यता अधिक. बुटक्या सुताराचे दार त्याहून लहान असते, आणि फांदीही इतकी बारीक की आत पक्षी मावतो कसा असा प्रश्न पडावा. अंदाज करण्यापेक्षा दूर बसून कोण डोकावते ते पाहणे केव्हाही चांगले.

घरटे सापडले तर

विणीचा मुख्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल. पोखरायला मऊ झालेली वाळकी फांदी निवडून तिच्या तिरप्या भागाच्या खालच्या अंगाला दार कोरलेले असते, त्यामुळे पाऊस आला तरी पाणी आत जात नाही. अंडी सहसा तीन-चार, सुतारांच्या रीतीप्रमाणे पांढरी शुभ्र, ठिपक्यांशिवाय. अंधाऱ्या बिळात रंग लपवण्याची गरज नसते. ती पाहण्यासाठी वर चढण्याचे, फोनचा उजेड आत मारण्याचे किंवा काठीने दार चाचपण्याचे काही कारण नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे तो गुन्हाही आहे, आणि वाळकी फांदी एवढ्यानेच मोडू शकते हे त्याहून वाईट.

वीस-पंचवीस पावले दूर, शक्यतो झाडाच्या किंवा गडग्याच्या आडोशाला बसावे. पक्षी दारापर्यंत येऊन पुन्हा शेजारच्या फांदीवर जात असेल, तर तो आपल्याला पाहून थांबला आहे असे समजून आणखी मागे सरकावे. अर्धा तास पाहून उठावे. छायाचित्र घ्यायचे असेल तर घरट्यापासून दूर, चारा शोधत असतानाचे घ्यावे. घरट्याचे नेमके ठिकाण सगळ्यांना दिसेल अशा जागी टाकू नये. ई-बर्डसारख्या पक्ष्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत गावाच्या पातळीवर नोंद केली तरी माहितीचा उपयोग होतोच.

नोंद करताना तारीख, वेळ आणि संख्या तर लिहावीच, पण झाडाचे नाव, फांदी हिरवी की वाळकी, तिची अंदाजे जाडी, जमिनीपासूनची उंची आणि सोबत कोणते पक्षी होते, एवढे पाच तपशील न चुकता लिहावेत. दहा-बारा नोंदी झाल्या की आपल्या गावातला हा पक्षी कोणत्या झाडांवर भरवसा ठेवतो ते आपोआप दिसू लागते. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दापोली या बाजूच्या कित्येक वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. त्याआधीच्या अशा नोंदी ज्यांच्या वहीत होत्या, त्यांना नंतर काय बदलले हे आठवणीवर विसंबून सांगावे लागले नाही.

वाडीच्या मालकाशी बोलणे

वाडी खाजगी असते, त्यामुळे गडग्याचे फाटक उघडण्यापूर्वी घरापाशी जाऊन विचारावे. ‘काका, पक्षी बघायला आत जाऊ का?’ एवढे पुरते. बहुतेक ठिकाणी होकार मिळतो आणि परतताना सरबतही. सुतार नारळाला भोके पाडतो, अशी तक्रार ऐकायला मिळेल. त्यावर वाद घालू नये. तक्रार मोठ्या सुतारांबद्दल असते, तेव्हा दुर्बीण त्यांच्या हातात देऊन हा चिमणीपेक्षा लहान सुतार दाखवावा. ज्यांनी आयुष्यभर त्या वाडीत काम केले त्यांनाही तो पुष्कळदा नवा असतो.

मग एक विनंती करावी, आणि ती वेळेवर करावी. एप्रिल-मे महिन्यांत कोकणात पावसाळ्याची बेगमी सुरू होते. वाडी साफ केली जाते, सुक्या फांद्या उतरवून लाकूडफाटा पडवीत किंवा माळ्यावर भरला जातो. उशिरा अंडी घातलेल्या जोडीची पिल्ले नेमकी त्याच दिवसांत बिळात असू शकतात. घरटे असलेली किंवा पक्षी रोज येतो ती फांदी बोट दाखवून मालकाला दाखवावी आणि तेवढी एक मृग लागेपर्यंत ठेवता येईल का, असे विचारावे. सगळ्या फांद्या ठेवा असे सांगितले तर कोणी ऐकणार नाही, चुलीला लाकूड लागतेच. एका फांदीला मात्र मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. एका आजींनी तर ओळख राहावी म्हणून त्या फांदीच्या बुंध्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवली होती, गड्याने चुकून कोयता घालू नये म्हणून.